कुंभकोणम : दोन दिवसांची सहल, साडेतीनशे वर्षांचा ऋणानुबंध

सप्टेंबर २०१५ पासून महिन्यातील दुसरा आणि चौथा शनिवार बँकांना सुट्टीचा झाला. तेव्हापासून आम्हा बँक कर्मचाऱ्यांच्या घरी ‘या शनिवारी कुठे जायचे?’ हा प्रश्न महिन्यातून दोनदा उपस्थित होतो. बदलीच्या निमित्ताने चेन्नईत बिऱ्हाड असणाऱ्या कुटुंबांची उत्तरेही ठरलेली असतात : महाबलीपुरम, पुदुच्चेरी, नाहीतर तिरुपती. यंदा मात्र नाशिकहून सासूबाई आणि सासरे आले होते. सासूबाईंच्या मनात नवग्रहांची यात्रा, निवृत्त शिक्षक असलेल्या सासऱ्यांच्या मनात तंजावर, मुलांच्या मनात फक्त आगगाडीचा प्रवास. आणि हाताशी शनिवार-रविवार असे दोनच दिवस. नकाशा पसरून बसल्यावर या तिन्ही इच्छा जिथे एकत्र येतात असे एकच गाव सापडले, ते म्हणजे कुंभकोणम.

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले हे गाव चेन्नईपासून सुमारे तीनशे आणि तंजावरपासून चाळीस किलोमीटरवर आहे. चेन्नईहून रात्रीच्या गाडीने निघाल्यास पहाटे पोहोचता येते. महाराष्ट्रातून थेट येणाऱ्यांना तिरुचिरापल्लीचा विमानतळ सोयीचा; तेथून मोटारीने दोन-अडीच तास लागतात. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी सुरू होते, हे ध्यानात ठेवावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात इकडे ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो आणि मार्चनंतर ऊन सोसवत नाही; म्हणून डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हाच काळ वृद्धांना आणि मुलांना मानवणारा.

खरी परीक्षा होती ती नवग्रहांची. सूर्यनारकोविल, तिंगळूर, वैदीश्वरनकोविल, तिरुवेंकाडू, आलंगुडी, कंजनूर, तिरुनळ्ळार, तिरुनागेश्वरम आणि कीळपेरुंपळ्ळम अशी ही नऊ क्षेत्रे कावेरीच्या खोऱ्यात विखुरलेली आहेत. त्यांतील शनीचे तिरुनळ्ळार तर तामिळनाडूबाहेर, पुदुच्चेरीच्या कारैकल भागात येते. एका दिवसात ही नऊही देवळे ‘करून’ देणाऱ्या मोटारी कुंभकोणमला मिळतात. राज्य परिवहनानेही २०२४ मध्ये अशी बससेवा सुरू केली आहे. पहाटे पाचला निघायचे, प्रत्येक ठिकाणी रांगेत उभे राहायचे, पुन्हा गाडीत बसायचे. ज्यांचा नवस आहे त्यांनी हे अवश्य करावे. परंतु सासऱ्यांचे गुडघे आणि धाकटीचे वय पाहता हा बेत आम्हास झेपणारा नव्हता, आणि सासूबाईंची इच्छा मोडणेही मनाला पटत नव्हते. दोन रात्री या विषयावर घरात चर्चा झाली. अखेर तोडगा त्यांनीच काढला : “नऊ देवांना धावत नमस्कार करण्यापेक्षा एका देवापुढे दहा मिनिटे बसू दे मला.” राहूचे तिरुनागेश्वरम गावापासून जेमतेम सहा-सात किलोमीटरवर आहे, तेच निश्चित केले. अभिषेकाचे दूध तेथे मूर्तीवरून ओघळताना निळसर होते अशी भाविकांची श्रद्धा आहे.

तामिळनाडूतील देवळे दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास बंद होतात आणि चारनंतर उघडतात. महाराष्ट्रातील पर्यटकांची सर्वांत मोठी फजिती येथेच होते. म्हणून आम्ही दिवसाचे सरळ तीन भाग पाडले : सकाळी देवळे, दुपारी देवळांखेरीज काही, संध्याकाळी पुन्हा देवळे. हे एवढे पाळले की बाकीचा बेत आपोआप जमतो.

शनिवारी सकाळी सारंगपाणीचे दर्शन घेतले. वैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांपैकी हे एक. गर्भगृहच दगडी रथाच्या आकाराचे, त्याला हत्ती-घोडे जोडलेले. देवळासमोरच्या सन्निधी रस्त्यावर एक छोटे, पडवीचे, कौलारू घर आहे. गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण या घरात गेले. त्यांचा जन्म इरोडचा, १८८७ चा. शिक्षण मात्र याच गावच्या टाऊन हायस्कूलमध्ये. वडील कापडाच्या दुकानात कारकून. स्वतः रामानुजन १९१२ साली मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा तीस रुपयांवर कारकून झाले आणि १९१८ साली रॉयल सोसायटीचे फेलो. शास्त्र विद्यापीठाने हे घर जतन केले आहे. खिडकीजवळची खाट पाहून आमच्या सातवीतल्या चिरंजीवांनी विचारले, “एवढ्याशा घरात अभ्यास कसा व्हायचा?” उत्तर द्यायची घाई कोणी केली नाही.

आपल्या व्यवसायाशी संबंधित म्हणून आणखी एक गोष्ट सांगते. १९०४ साली या गावात ‘कुंभकोणम बँक’ स्थापन झाली. तीच आजची सिटी युनियन बँक. १९८७ पासून ती या नावाने ओळखली जाते आणि तिचे मुख्यालय आजही कुंभकोणमातच आहे. भात, रेशीम, विड्याची पाने आणि पितळेची भांडी यांच्या उलाढालीवर जगणाऱ्या गावाला स्वतःची पेढी हवीशी वाटली, यात नवल नाही.

दुपारी देवळे मिटली तेव्हा आम्ही स्वामीमलैला गेलो. कार्तिकेयाच्या सहा प्रमुख क्षेत्रांपैकी हे एक. देवळाच्या साठ पायऱ्या म्हणजे साठ संवत्सरे. पण दुपारी पाहण्यासारखे असतात ते येथील स्थपतींचे कारखाने. मधमाशांचे मेण आणि राळ यांची मूर्ती घडवायची, तिच्यावर कावेरीच्या गाळाची माती थरावर थर चढवायची, मग तापवून मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. मूर्ती बाहेर काढताना साचा फोडावाच लागतो, त्यामुळे दुसरी तशीच मूर्ती निघत नाही. मापे घेण्यासाठी आजही नारळाच्या झावळीची पट्टी घड्या घालून वापरतात. सासऱ्यांनी अर्धा तास ती पट्टीच न्याहाळली. मूर्ती विकत घ्यायची असेल तर पावती अवश्य घ्यावी. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. या सावधगिरीला कारण आहे. कुंभकोणमजवळच्या शिवपुरम येथील चोलकालीन नटराज १९५० च्या दशकात दुरुस्तीसाठी बाहेर गेला आणि देवळात परत आली ती त्याची प्रतिकृती. अस्सल मूर्ती अमेरिकेतील एका संग्राहकाकडे पोहोचली आणि १९८६ साली भारतात परतली. नोटा पारखणाऱ्या रोखपालाला ही कथा विशेष भिडावी.

संध्याकाळसाठी दारासुरम राखून ठेवले होते. बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोलाने बांधलेले हे ऐरावतेश्वराचे देऊळ २००४ साली जागतिक वारसा यादीत आले. तंजावरच्या भव्यतेपुढे ते लहान आहे आणि म्हणूनच कुटुंबाबरोबर पाहण्यास अधिक आपलेसे. मंडपाला दगडी चाके व उसळणारे घोडे आहेत. भिंतीवर त्रेसष्ट शैव संतांच्या कथा वीतभर उंचीच्या शिल्पांत कोरल्या आहेत. मुलांना घोडे मोजायला सांगा, मोठ्यांना संतकथा शोधू द्या. उतरत्या उन्हात तो दगड मधासारखा दिसतो.

रात्री महामहम तळ्याच्या काठी बसलो. सुमारे सहा एकरांचे हे तळे, काठावर सोळा मंडप. गुरू सिंह राशीत असताना बारा वर्षांनी येथे स्नानपर्व भरते. सासूबाई चटकन म्हणाल्या, “म्हणजे आमचा सिंहस्थच की!” खरोखर तसेच आहे : गोदाकाठी जो योग, तोच कावेरीकाठी. मागील महामहम २०१६ साली झाले, पुढचे २०२८ मध्ये येईल. १९९२ च्या पर्वात येथे चेंगराचेंगरी होऊन सुमारे पन्नास भाविकांचा मृत्यू झाला होता. पुण्यसंचयाविषयी माझे काही म्हणणे नाही. परंतु वृद्ध आणि बालके बरोबर असतील तर हे तळे अशा निवांत रात्रीच पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रविवारची सकाळ तिरुनागेश्वरम आणि तेथून पुढे गोविंदपुरम. अनपेक्षित आनंद दिला तो गोविंदपुरमच्या विठ्ठल-रुक्मिणी मंदिराने. २०११ साली उभे राहिलेले हे मंदिर मराठी धाटणीच्या शिखराचे आहे. आत तमिळ भाविक टाळ्यांच्या ठेक्यावर अभंग म्हणत होते, आणि उच्चार जरा वेगळे असले तरी सूर ओळखीचा होता. या परिसरात ते स्वाभाविकच आहे. १६७६ च्या सुमारास शिवछत्रपतींचे सावत्र बंधू एकोजीराजे तंजावरचे अधिपती झाले आणि १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांची गादी राहिली. एकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी १६९३ साली कुंभकोणमजवळचे तिरुविसनल्लूर हे गाव विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. त्यास शहाजीराजपुरम असे नाव पडले. स्वतः शहाजीराजांनी मराठीत नाटके लिहिली, तीही विष्णुदास भाव्यांच्या सुमारे दीडशे वर्षे आधी. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव १८२८ साली जन्मले ते कुंभकोणमच्या अशाच मराठी कुटुंबात. त्रावणकोर, इंदूर आणि सयाजीरावांच्या बालपणी बडोदे, अशा तीन संस्थानांचा कारभार त्यांनी पाहिला.

मंदिराच्या ओसरीवर एका वृद्ध गृहस्थांनी आमचे बोलणे ऐकून मराठीत विचारपूस केली. त्यांची मराठी तंजावरी, तमिळ हेलाची. घरी डांगर अजून होते, असे त्यांनी सांगितले. नातवंडे मात्र आता चेन्नईत इंग्रजी आणि तमिळच बोलतात. ते आणि सासरे कितीतरी वेळ एकमेकांचे शब्द तपासत बसले होते. गाडीवान दोनदा बोलवायला आला, तरी कोणी उठेना.

खर्चाविषयी थोडक्यात : रेल्वे, दोन खोल्या, दोन दिवसांची मोटार, या तीनच मोठ्या बाबी. वर्षभराच्या एका छोट्या आवर्ती ठेवीत हे सहज बसते. जेवण केळीच्या पानावरचे, स्वस्त आणि सात्त्विक. पितळी डबरा-टंबलरमधील डिग्री कॉफी मात्र मोजून प्यावी; रात्री झोप येत नाही.

परतीची गाडी तंजावरहून धरावी. दुपारी देवळे बंद असताना राजवाड्यातील सरस्वती महालाचे संग्रहालय पाहावे. दुसऱ्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात येथे देवनागरी छापखाना चालविला आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या, तेव्हा मुंबईत मराठी छपाईचा पुरता जमही बसला नव्हता. चार वाजता बृहदीश्वराकडे वळावे. १०१० साली पूर्ण झालेले ते उत्तुंग विमान सर्वच पाहतात. परंतु आवाराच्या नैर्ऋत्येच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरविलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास आहे, त्याकडे फारसे कोणी फिरकत नाही. उजेड असतानाच तेथे पोहोचावे, नाहीतर अक्षरे लागत नाहीत. आमच्याकडे अर्धा तास होता. सासरे एकेका ओळीवर बोट फिरवीत वाचत होते, चौथीतली नात जोडाक्षरे लावून त्यांच्या मागोमाग म्हणत होती, आणि शेजारचे एक तमिळ कुटुंब थांबून, काय लिहिले आहे, असे आम्हाला विचारीत होते.