शेतकऱ्याचा मिटता चाकू : तो पारखावा कसा

वखर घ्यावयाचा झाल्यास आपण चारचौघांस विचारतों, दोन गांवें फिरतों आणि मगच पैसे मोजतों. परंतु जें हत्यार दिवसांतून दहा वेळां हातांत येतें तो मिटता चाकू मात्र आठवडी बाजारांतील ढिगांतून, पातें किती लांब व मूठ किती चकचकीत एवढेंच पाहून उचलला जातो. सुतळी तोडणें, खताच्या पोत्याचें तोंड उघडणें, ठिबकची नळी कापणें, लिंबाची वाळकी काडी छाटणें आणि दुपारीं बांधावर कांदा चिरणें, हीं सारीं कामें त्याच एका चाकूनें होतात. तेव्हां त्याच्या पारखेविषयीं चार शब्द लिहिल्यास वाचकांस तें अस्थानीं वाटणार नाहीं.

हा विषय मनांत घोळूं लागण्यास एक प्रसंग कारण झाला. मोताळ्याच्या शिवारांत एका श्रावणांत आमच्या शेजाऱ्याचा बैल नाल्याच्या कांठीं चरत असतां पाय घसरून खालीं गेला. दावें नायलॉनचें असून वर बाभळीच्या बुंध्यास बांधलेलें होतें. तें ताणलें जाऊन गळ्यास फांस बसला. आम्ही तिघे जवळच होतों. ताणलेली नायलॉनची गांठ हातानें सुटत नाहीं. ती कापावीच लागते. शेजाऱ्याच्या खिशांत सहा इंची पात्याचा, पितळी मुठीचा मोठा चाकू होता. तो उघडेना. दोन महिने घामांत व पावसांत भिजून त्याचें पातें खिळ्यापाशीं गंजून बसलें होतें. माझा चाकू त्या दिवशीं घरीं राहिला होता. तिसरा गडी खोपीकडे विळा आणावयास धांवला. विळा येऊन दोर तुटेपर्यंत बैल गेला होता. जोडींतला दुसरा बैल शेजाऱ्यास पुढें विकावा लागला.

तो चाकू मी मागाहून हातांत घेऊन पाहिला. पातें जाड होतें, धारही बरी होती. दोष होता तो सांध्यांत. विळा किंवा खुरपें यांचें पातें मुठींत कायमचें बसविलेलें असतें, म्हणून तेथें लोखंड व धार पाहिली कीं परीक्षा संपली. मिटत्या चाकूंत पातें एका खिळ्याभोंवतीं फिरतें. तो सहज उघडला पाहिजे आणि उघडल्यावर आपण होऊन मिटतां कामा नये. या दोन गोष्टींत ज्याची खात्री नाहीं तो चाकू कितीही मोठा असला तरी कामाचा नव्हे.

पातें उघडें राखण्याच्या रीति अनेक आहेत. सर्वांत जुनी व साधी रीत कमानीची होय. मुठीच्या पाठीशीं पोलादाची पट्टी असते. ती पात्याच्या बुडास दाबून धरते. येथें खटका नसतो, केवळ दाब असतो. धारेच्या बाजूनें कापीत असतां हा दाब पुरतो, कारण कापण्याचा जोर पात्यास उघडण्याकडेच ढकलतो. परंतु टोंक खुपसून भोंक पाडूं जातां, किंवा ओल्या लाकडांत अडकलेलें पातें मागें ओढतां जोर पाठीकडून येतो व पातें बोटांवर मिटतें. ठिबकच्या नळीस टोंकानें भोंक पाडतांना मीं हा अनुभव घेतला असून उजव्या तर्जनीवर त्याची खूण आजही आहे. अशा कामास सुई किंवा टोंचा घ्यावा. कमानीच्या चाकूनें तें करूं नये.

दुसरी रीत पाठीवरील खटक्याची. पातें पूर्ण उघडलें कीं पाठीच्या पट्टीचा दांत पात्याच्या खांचेंत बसतो, व पट्टी दाबल्याखेरीज तें मिटत नाहीं. ही रीत मजबूत आहे, मात्र खांचेंत माती किंवा कापसाचें तंतु सांचले तर दांत अर्धाच बसतो आणि आपण मात्र तो बसला असें समजून चालतों. कापूस वेंचणीच्या दिवसांत ही खांच काडीनें टोकरून साफ ठेवावी. तिसऱ्या प्रकारांत मुठीच्या आंतली पातळ पट्टी बाजूस सरकून पात्याच्या बुडाआड उभी राहते. हा प्रकार एका हातानें मिटतो म्हणून लोकांस आवडतो. परंतु स्वस्त मालांत ती पट्टी इतकी पातळ असते कीं थोड्या दाबानें मागें सरकते.

चौथी रीत कड्याची, आणि मला ती शेतीस फार सोईची वाटते. फ्रान्स देशांतील साव्हॉय या डोंगराळ मुलखांत जोझेफ ओपिनेल यानें १८९० सालीं लांकडी मुठीचा एक साधा चाकू घडविला. शेतकरी व गुराखी यांच्यांत तो पसरला. १९५५ सालीं त्याच्या मुठीच्या तोंडाशीं फिरतें कडें बसविण्यांत आलें. पातें उघडून कडें थोडें फिरवलें कीं पातें अडतें. त्यांत नाजूक कांहीं नाहीं, आणि तें बसलें कीं नाहीं हें डोळ्यांस दिसतें. दोष एवढाच कीं पावसाळ्यांत लांकूड फुगून पातें घट्ट बसतें. त्यावर तिकडील लोकांची युक्ति अशी कीं मुठीचें बूड एखाद्या कठीण वस्तूवर आपटावें, म्हणजे पातें जरासें बाहेर येतें. अशा घडणीचे चाकू आपल्याकडेही मिळतात.

आपल्याकडे मोठा मिटता चाकू म्हटला कीं उत्तर प्रदेशांतील रामपूरचें नांव निघतें. तेथील कारागिरांचें कसब वादातीत आहे. २०२३ सालीं त्या शहरांत एका चौकांत सुमारें वीस फुटी चाकूची प्रतिकृतिही उभारली गेली. पण रामपुरी नांवावर बाजारांत जो लांब, अरुंद व टोंकदार माल येतो त्याचा घाट भोसकण्याचा आहे, सोलण्या-चिरण्याचा नव्हे. सिनेमानें त्याला दिलेली कीर्ति शेतकऱ्याच्या कांहीं उपयोगाची नाहीं, आणि पोलिसांच्या नजरेंत ती भरते तें निराळेंच.

येथें कायद्याची गोष्ट सांगितली पाहिजे. महसुली कचेरींत वर्षें काढल्यामुळें असले कागद माझ्या नजरेखालून गेले आहेत. १९५९ चा शस्त्र अधिनियम व त्याखालील २०१६ चे नियम यांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंची गणना शस्त्रांत केली आहे. मात्र घरगुती किंवा शेतीच्या कामाकरितां घडविलेलीं हत्यारें त्यांतून वगळलीं आहेत. एवढ्यावर निश्चिंत राहूं नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खालीं सण-उत्सव किंवा निवडणुकीच्या सुमारास जो मनाई हुकूम निघतो, त्यांत चाकू बाळगण्यासही बंदी असूं शकते. हुकूम जारी असतां बाजारास, यात्रेस किंवा कचेरींत जातांना चाकू घरींच ठेवावा; "शेतांतून तसाच आलों" हें उत्तर खरें असलें तरी तें देत बसण्यांत दिवस जातो.

आतां लांबीचें पाहूं. माझ्या मतें पातें साडेतीन ते चार इंच असावें व मूठ पंजांत भरून थोडी उरावी. याहून लांब पातें खिळ्यावर विनाकारण ताण आणतें. पाठीची जाडी अडीच ते तीन मिलिमीटर पुरे. त्याहून जाड पातें कांदा चिरीत नाहीं, फोडतें. ज्यास फांद्या तोडावयाच्या त्यानें कोयता घ्यावा. चाकूकडून कुऱ्हाडीचें काम करून घेणें म्हणजे दोन्ही गमावणें.

दुकानांत चाकू उघडून पात्याचें टोंक चिमटींत धरावें व डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावें. खिळ्यापाशीं खडखड जाणवल्यास तो परत ठेवावा. मग बोटें पात्याच्या वाटेंतून दूर ठेवून उघड्या पात्याची पाठ लांकडी फळीवर हळू दाबावी. खटका सुटला तर दुकानदार कांहीं म्हणो, तो घेऊं नये. ठोकलेल्या खिळ्यापेक्षां फिरकीचा खिळा बरा, कारण तो सैल झाल्यास घरीं आवळतां येतो. शेवटीं ओल्या हातानें चाकू उघडून पाहावा. नखानें ओढण्याची खांच उथळ असेल तर पावसांत तो उघडणार नाहीं.

पोलादाविषयीं थोडक्यांत सांगतों. साधें कार्बन पोलाद गंजतें, लिंबूं-चिंच लागतांच काळें पडतें, पण घरच्या दगडावर लवकर धार घेतें. न गंजणाऱ्या पोलादांत बहुधा तेरा टक्के किंवा अधिक क्रोमियम असतें. त्यांतही चांगलें व वाईट आहे. चमचे करण्याजोग्या मऊ पत्र्यावरही 'स्टेनलेस' हा छाप असतो आणि त्याची धार दोन पोतीं उघडतांच जाते. जो रोज पुसण्याचा आळस करणार नाहीं त्यानें कार्बनचें पातें घ्यावें. इतरांनीं न गंजणारें, पण नांवाजलेल्या कारखान्याचें घ्यावें.

धार लावण्यास विजेच्या चक्रावर पातें देऊं नये. ठिणग्या उडतात तें पाहण्यास बरें वाटतें, पण धारेवर निळी झाक आली कीं तेथील पोलाद तीनशें अंशांच्या आसपास तापलें व त्याचें पाणी उतरलें असें समजावें. मग ती धार टिकत नाहीं. घरीं ओला दगड घ्यावा. पातें इंचभर रुंद असल्यास त्याची पाठ दगडापासून सुमारें एक तृतीयांश इंच उचलून दोन्ही बाजू सारख्या घासाव्या. दोर व सुतळी तोडण्यास फार गुळगुळीत धार लागत नाहीं. मध्यम दगडावरची किंचित खरबरीत धारच नायलॉन लवकर पकडते. कलमें बांधण्याचा चाकू मात्र निराळा व तुळतुळीत धारेचा असावा.

औषधाचीं पाकिटें ज्या चाकूनें फाडलीं त्यानें कांदा चिरूं नये; त्या कामास निराळें जुनें पातें ठेवावें. पावसाळ्यांत आठवड्यांतून एकदां चाकू धुवून उन्हांत उघडा ठेवावा व खिळ्यावर शिलाई यंत्राच्या तेलाचा थेंब सोडावा. कित्येक जण तेथें जवसाचें तेल घालतात, पण तें वाळून चिकट होतें व पातें जाम करतें. तेंच तेल लांकडी मुठीस चोळलें तर मूठ पाणी कमी पिते. खंडेनवमीस इतर हत्यारांबरोबर चाकूही पुजला जातो. तेव्हां ओलें कुंकूं मुठीस लावावें, खिळ्यापाशीं जाऊं देऊं नये, आणि दुसऱ्या दिवशीं पुसून चाकू दोन वेळां उघडून मिटून पाहावा.