विश्लेषण : नेट सुरू, तरी वेबसाइट का उघडत नाही?

दहावीच्या निकालाच्या दिवशी मोबाइलला पूर्ण रेंज असते, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेजही येत असतात. निकालाचे पान मात्र उघडत नाही. दोष दरवेळी फोनचा किंवा सिम कंपनीचा नसतो. पत्ता शोधणारा डीएनएस आणि गर्दी वाटून देणारा लोड बॅलन्सर, या दोन यंत्रणा समजल्या की अडचण नेमकी कुठे आहे याचा अंदाज येतो.

डीएनएस म्हणजे काय?

इंटरनेटवरील सर्व्हरला आकड्यांचा पत्ता असतो. तो आयपी अ‍ॅड्रेस. माणसाला नाव लक्षात राहते, यंत्राला आकडे लागतात. डोमेन नेम सिस्टीम, म्हणजेच डीएनएस, नावावरून हे आकडे शोधून देते. फोन आधी ‘रिझॉल्व्हर’ला विचारतो, तो बहुधा मोबाइल कंपनीचाच असतो. त्याच्याकडे उत्तर नसेल, तर तो रूट सर्व्हर, मग ‘डॉट इन’सारख्या शेवटच्या भागाचा सर्व्हर आणि अखेर त्या वेबसाइटचा स्वतःचा नेम सर्व्हर यांच्याकडे चौकशी करतो.

टीटीएल कशासाठी?

मिळालेले उत्तर रिझॉल्व्हर काही काळ साठवतो. हा साठा म्हणजे कॅशे आणि साठवण्याची मुदत म्हणजे टीटीएल. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झाले, तरी अनेकांच्या तोंडी जुनेच नाव आहे. डीएनएसमध्येही जुनी माहिती अशीच रेंगाळते. मात्र टीटीएल संपला की रिझॉल्व्हरला नव्याने विचारावे लागते. म्हणूनच नव्या सर्व्हरवर हलवलेली वेबसाइट काही काळ एकाला दिसते, दुसऱ्याला नाही.

लोड बॅलन्सर काय करतो?

अंगारकीला प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिरात भाविकांना वेगवेगळ्या रांगांत वळवले जाते. लोड बॅलन्सरचे काम तसेच. एकच माहिती असलेल्या अनेक सर्व्हरपैकी कोणाकडे पाठवायचे, हे तो ठरवतो. कधी पाळीपाळीने (राउंड रॉबिन), तर कधी ज्याच्याकडे काम कमी त्याच्याकडे. ‘हेल्थ चेक’ करून तो बंद पडलेला सर्व्हर वगळतो. मात्र सगळेच सर्व्हर भरले, तर त्याचाही इलाज चालत नाही.

डीएनएस कोलमडला तर?

४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास ठप्प झाले. देखभालीच्या कामातील चुकीमुळे कंपनीचे जाळे इंटरनेटपासून तुटले आणि तिच्या नेम सर्व्हरपर्यंतचा मार्गच नाहीसा झाला. पत्ताच मिळेना, मग जाणार कुठे?

आपण काय करावे?

स्क्रीनवरील संदेशात ‘डीएनएस’ दिसले, तर वायफाय बंद करून मोबाइल डेटा लावून पाहावा. रिझॉल्व्हर बदलल्याने काम होऊ शकते. अँड्रॉइड फोनमधील ‘प्रायव्हेट डीएनएस’ची सेटिंगही तपासावी. ‘५०३’ दिसले, तर पत्ता सापडला आहे, पण पलीकडे गर्दी आहे किंवा दुरुस्ती चालू आहे. अशा वेळी पुन्हा पुन्हा रिफ्रेश केल्याने ताण वाढतो. थोडे थांबावे किंवा मंडळाने जाहीर केलेल्या दुसऱ्या अधिकृत वेबसाइटवर निकाल पाहावा.