डोळ्याच्या पडद्यावर दिसतो मेंदूचा धोका

तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला की मराठवाड्यात आजही म्हणतात, 'अंगावरून वारं गेलं.' काही घरांत करणीचा संशय घेतला जातो. प्रत्यक्षात मेंदूतली रक्तवाहिनी तुंबलेली किंवा फुटलेली असते. हा पक्षाघात अचानक येतो, पण त्याची कारणे बहुतेक वेळा वर्षानुवर्षे साचत आलेली असतात. त्यांच्या काही खुणा डोळ्यात दिसतात.

डोळ्याचा पडदा हा मेंदूचाच भाग. गर्भात तो मेंदूतूनच तयार होतो. त्याच्या बारीक रक्तवाहिन्याही मेंदूतल्या रक्तवाहिन्यांसारख्याच असतात. मेंदू कवटीत बंद असतो, पडदा मात्र बाहुलीतून पाहता येतो. त्यासाठीचे उपकरण जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये बनवले.

रक्तदाब वाढलेलाच राहिला तर पडद्यावरच्या धमन्या अरुंद होतात, रक्ताचे ठिपके आणि कापसासारखे डाग दिसतात. मधुमेहात बारीक वाहिन्यांना फुगवटे येतात. अशा खुणा असलेल्यांना पक्षाघाताचा धोका जास्त असतो. मेंदूतला दाब वाढला तर डोळ्यामागच्या नसेचे टोक सुजलेले दिसते. स्मृतिभ्रंशाच्या खुणा पडद्यावर शोधण्याचे काम मात्र अजून संशोधनाच्या पातळीवर आहे. केवळ डोळ्याच्या फोटोवरून त्याचे खात्रीने निदान होते, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. १९५४ मध्ये ते काही महिने अंथरुणाला खिळून होते, नजरही अधू झाली होती. आज तपासणीची सोय जवळ आहे, तिचा उपयोग करून घेणे आपल्या हातात आहे.

जयंतीच्या शिबिरात चष्म्याचा नंबर आणि मोतीबिंदू तपासून थांबू नका. रक्तदाब आणि साखर मोजा. ज्यांना यापैकी काही आहे, त्यांना वर्षातून एकदा पडदा तपासायला पाठवा. नांदेडला विष्णुपुरीचे आणि लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे नेत्र विभागात चौकशी करा. बाहुली मोठी करण्यासाठी थेंब टाकतात, काही तास अंधुक दिसते, म्हणून सोबत माणूस द्या.

पडदा चांगला निघाला तरी गोळ्या बंद करायच्या नाहीत. आणि एका डोळ्याची नजर अचानक गेली, बोलणे अडखळले किंवा हात लुळा पडला, तर थोड्या वेळाने बरे वाटले तरी थांबू नका, लगेच १०८ ला फोन करा. गाठ झाली असेल तर ती विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.