चीनची चांदीची नाणी

जुनी नाणी जमविणाऱ्यांना चीनची चांदीची नाणी फार मोलाची वाटतात. हे मोल केवळ चांदीचे नव्हे. त्या देशाच्या इतिहासाचे ठसे या नाण्यांवर उमटलेले आहेत.

चीनमध्ये शतकानुशतके चौकोनी भोकाची तांब्याची नाणी चालत. चांदीच्या मात्र होडीच्या आकाराच्या लगडी करीत व त्या तोलून देत. सोळाव्या शतकात स्पेनच्या अमेरिकेतील वसाहतींची चांदीची नाणी मनिलामार्गे चीनमध्ये येऊ लागली. परक्या राजाचे नाणे अस्सल कशावरून मानावे? म्हणून चिनी व्यापारी नाणे पारखून त्यावर आपला लहानसा शिक्का ठोकीत. पुढे चिनी बंदरांतील इंग्रज अशा पारख्याला 'श्रॉफ' म्हणू लागले. हिंदुस्थानातून तेथे गेलेला हा शब्द म्हणजे 'सराफ' या शब्दाचेच रूप होय!

१८८९ साली क्वांगतुंग प्रांताची टाकसाळ सुरू झाली व तिच्या यंत्रांवर ड्रॅगनची आकृती असलेली नाणी पडू लागली. १९१२ साली राजसत्ता संपली. तेव्हा ड्रॅगन गेला आणि १९१४ साली राष्ट्राध्यक्ष युआन श-काय यांची मुद्रा नाण्यावर आली.

१९३२ च्या नाण्याची कथा तर विलक्षण आहे. त्याच्या एका बाजूस सुन यत्-सेन यांची मुद्रा होती. दुसऱ्या बाजूस शिडाचे जहाज, उगवता सूर्य आणि आकाशात तीन पक्षी होते. त्याच वर्षी जानेवारीत जपानी विमानांनी शांघायवर बॉम्ब टाकले होते. लोकांना त्या सूर्यात जपानचे चिन्ह व पक्ष्यांत शत्रूची विमाने दिसू लागली, असे सांगतात. ती नाणी मागे घेण्यात आली. १९३३ च्या नाण्यावर जहाज राहिले. सूर्य आणि पक्षी नाहीसे झाले. म्हणूनच १९३२ चे नाणे आज दुर्मीळ आहे. पुढे १९३५ साली चीनने चांदीचे चलन सोडून कागदी चलन स्वीकारले.

दुर्मीळ वस्तू म्हटली की तिची नक्कल आलीच. या नाण्यांच्याही बनावट प्रती पुष्कळ आहेत. जाणता संग्राहक नाणे तोलून पाहतो. सुन यत्-सेन यांच्या नाण्याचे वजन सुमारे २६.७ ग्रॅम असते. तो नाण्याची कड न्याहाळतो आणि अक्षरांची ठेवण तपासतो. परंतु नाणे घासून कधीही चकचकीत करीत नाही. घासल्याने नाण्याचा काळवंडलेला थर जातो आणि बारीक रेषाही झिजतात. मग चांदी तेवढी उरते व इतिहास पुसला जातो.

पूर्वीचा सराफ नाण्याचा कस पाहून ते खरे ठरवी. आजचा संग्राहकही तेच करतो. मात्र त्याला चांदीबरोबर काळाचीही पारख करावी लागते.