पहिले धनुष्य कोणते घ्यावे?



गेल्या महिन्यात ऊस नोंदीसाठी आम्ही दिंडोरीकडच्या एका गावी गेलो होतो. बांधावरच एका सभासदांनी विचारले, "साहेब, पोरीला तिरंदाजी शिकायचीय. पहिल्या उचलीतून कंपाऊंड घेऊन टाकू का? अदिती स्वामीकडं तेच आहे ना?"

आम्ही म्हणालो, "नाना, रान न बघता बेणं सांगू का तुम्हाला?"

नानांचे म्हणणे खोटे नव्हते. सातारा जिल्ह्यातील शेरेवाडीची अदिती स्वामी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे, वयाच्या १७ व्या वर्षी, कंपाऊंड प्रकारात जगज्जेती झाली. त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत पहिला आला. दोघेही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे शिकलेले. आणि तिथले सरावाचे मैदान म्हणजे उसाचेच रान! आपल्या माणसाला अभिमान वाटणारच.

पण धनुष्याचे प्रकार तीन, ते आधी समजून घ्यावेत.

पहिला इंडियन राऊंडचा. धनुष्य बांबूचे, नेम ३० आणि ५० मीटरवर. बागलाण-कळवणकडील भिल्ल बांधवांच्या तिरकमठ्याशी नाते सांगणारा हा प्रकार साधा व कमी खर्चाचा आहे.

दुसरा रिकर्व्ह. याच्या पात्यांची टोके पुढे वळलेली असतात. ऑलिंपिकमध्ये सध्या हाच प्रकार, अंतर ७० मीटर. फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव २०२१ साली टोकियोला खेळला तो यातच.

तिसरा कंपाऊंड. टोकांना चाके असतात. दोरी पूर्ण ओढली की बहुतेक भार चाके घेतात, हातावर पाव हिस्सा किंवा त्याहूनही कमी उरतो. नेम लवकर बसतो, पण किंमत मोठी आणि जुळणी जाणकाराचीच. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये त्याचा फक्त मिश्र सांघिक प्रकार येणार आहे.

यात आमची स्वतःचीही एक चूक सांगतो. थोरल्या मुलासाठी आम्ही शहरातून धनुष्य आणले. दुकानदाराने दाखवले, आम्ही घेतले. ओढ ३८ पौंडांची! पोराचा हात थरथरायचा, खांदा दुखायचा. चार महिन्यांत धनुष्य माळ्यावर गेले आणि पोराची हौसही. दोष पोराचा नव्हता. मुरमाड रानात भारी जमिनीची जात आम्हीच लावली होती.

म्हणून नानांना सांगितले ते असे. आधी मास्तर शोधा, मग धनुष्य. एस.टी.च्या टप्प्यात ज्या प्रकारचा जाणता प्रशिक्षक आहे, तोच प्रकार धरा. पहिले काही महिने क्लबचेच धनुष्य वापरू द्या. विकत घ्यायचेच, तर पाती बदलता येणारे लाकडी रिकर्व्ह घ्या. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला १४ ते १८ पौंडांची ओढ पुरते. ताकद वाढली की फक्त पाती बदलायची, धनुष्य तेच राहते. इथे अंगवळणी पडलेली उभे राहण्याची ढब आणि पाठीची ओढ पुढे कंपाऊंडलाही कामी येते. कोणता डोळा नेम धरतो तेही मास्तरांकडून तपासून घ्या, त्यावरून धनुष्य डाव्या हाताचे की उजव्या हे ठरते.

दोन गोष्टी मात्र सक्तीच्या. तीर न लावता दोरी ओढून सोडू नये, धनुष्य मोडते. आणि उभ्या उसाकडे तोंड करून लक्ष्य कधीही लावू नये. उसात पाणी धरणारा माणूस दिसत नाही. चुकलेला तीर परत बोलावता येत नाही.

नानांनी उचलीतले पैसे तूर्त बँकेतच ठेवलेत. दर रविवारी पोरीला मोटरसायकलवरून मैदानावर नेतात. परवा गटात भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, अजून दहा मीटरवरच हाय, पण कंटाळत नाही."

आम्हाला वाटते, उगवण चांगली झाली आहे.