एक्झॉस्ट हेडर बसवताना मोकळी जागा किती ठेवावी?

जुन्या अमेरिकन मसल कारला बाजारातले एक्झॉस्ट हेडर बसवणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते. गाडी उभी असताना नळी कुठेही लागत नव्हती, पण रस्त्यावर आल्यावर खडखड सुरू झाली. असे का होते आणि किती अंतर पुरेसे आहे, हे या टिपणात आपण आकडेमोडीने पाहणार आहोत. उदाहरण म्हणून १९६५-६६ ची फोर्ड मस्टँग आणि तिचे २८९ घन इंचांचे (४.७ लिटर) व्ही-८ इंजिन घेऊ.

१. अडचण कुठून येते?

कारखान्यातून येणारा ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड आखूड असतो आणि इंजिनाला चिकटून बसतो. हेडरमध्ये मात्र प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी असते. लाँग-ट्यूब हेडरमध्ये या नळ्या साधारण ७५ ते ९० सेंमी लांब असून पुढे कलेक्टरमध्ये एकत्र येतात. ही लांबी मुद्दाम ठेवलेली असते. एका सिलिंडरच्या एक्झॉस्टमधील दाबलहरीमुळे उरलेला वायू बाहेर खेचला जावा, हा तिचा उद्देश. पण एवढ्या लांब नळ्यांना वळणे घेत खाली उतरावे लागते आणि वाटेत अनेक भाग आडवे येतात.

मस्टँगमध्ये पुढच्या सस्पेन्शनची स्प्रिंग वरच्या कंट्रोल आर्मवर बसते. त्यामुळे इंजिनाच्या दोन्ही बाजूंना शॉक टॉवर आत घुसलेले असतात. डावीकडे स्टिअरिंग बॉक्स आणि क्लचचा आडवा दांडा (झेड-बार) असतो, तर उजवीकडे स्टार्टर मोटर. पॉवर स्टिअरिंग असेल तर त्याचा हायड्रॉलिक सिलिंडरही खालून जातो. तो खाली सरकवण्यासाठी वेगळा ब्रॅकेट लावावा लागतो. १९६७ साली ३९० घन इंचांचे मोठे इंजिन मावावे म्हणून फोर्डने गाडीच रुंद केली. यावरून आधीची जागा किती अपुरी होती हे समजते.

२. इंजिन स्थिर नसते

इंजिन रबरी माउंटवर बसलेले असते. क्रँकशाफ्ट समोरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, म्हणून प्रतिक्रियेचा टॉर्क इंजिनाला उलट दिशेने कलवतो. पुढच्या गिअरमध्ये जोर लावला की इंजिनाची डावी बाजू वर उचलली जाते आणि उजवी खाली दबते. रिव्हर्स गिअरमध्ये नेमके उलटे होते.

या इंजिनाच्या २७१ अश्वशक्तीच्या आवृत्तीचा जाहीर टॉर्क ३१२ पौंड-फूट, म्हणजे ४२३ न्यूटन-मीटर होता. पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.७८ धरू. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र जोडलेले असल्यामुळे माउंटवर येणारा टॉर्क

४२३ × २.७८ ≈ १,१७६ न्यूटन-मीटर

दोन माउंटमधील अंतर ०.५ मीटर धरले, तर प्रत्येक माउंटवर सुमारे २,३५० न्यूटन बल येते. माउंटची दृढता ५०० न्यूटन प्रति मिमी गृहीत धरल्यास माउंटपाशी ४.७ मिमी हालचाल होते. माउंट अक्षापासून २५० मिमीवर आहे. नळी ३५० मिमीवर असेल, तर तिची हालचाल

४.७ × ३५० ÷ २५० ≈ ६.६ मिमी

इंजिन फक्त एका अंशाहून थोडे जास्त कलले, तरी नळी साडेसहा मिलिमीटर सरकली. हे चांगल्या रबराचे गणित झाले. रबर फाटले असेल तर हालचाल कितीतरी वाढते. १९७१ मध्ये जनरल मोटर्सला माउंट तुटण्याच्या दोषामुळे सुमारे ६७ लाख शेवरोले गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. माउंट तुटल्यावर इंजिन उचलले जाऊन थ्रॉटलची जोडणी ताणली जाण्याचा धोका होता. म्हणून हेडर बसवण्याआधी माउंट तपासा. जुने रबर दबून इंजिन खाली बसलेले असेल, तर तुमची सगळी मापेच चुकतील.

३. नळी तापून लांबते

साध्या पोलादाचा प्रसरणांक सुमारे १२ × १०⁻⁶ प्रति अंश सेल्सिअस आहे. ८०० मिमी लांबीची नळी ५०० अंशांनी तापली तर

८०० × १२ × १०⁻⁶ × ५०० = ४.८ मिमी

३०४ स्टेनलेस स्टीलचा प्रसरणांक सुमारे १७ × १०⁻⁶ आहे. त्यात हीच वाढ ६.८ मिमी येते. नळीचे वरचे टोक सिलिंडर हेडला घट्ट असते, म्हणून ही वाढ कलेक्टरच्या बाजूला जाते. पुढचा पाइप कडक बांधलेला असेल, तर नळी मधेच बाहेर वाकते.

दोन्ही हालचाली एकाच दिशेने होतील असे नाही, पण सुरक्षिततेसाठी बेरीज करू: ६.६ + ४.८ = ११.४ मिमी. गॅरेजमध्ये सांगतात तो अर्ध्या इंचाचा (१२.७ मिमी) नियम या आकड्याच्या जवळच येतो.

४. न लागताही धोका

धातूच्या भागांसाठी अर्धा इंच पुरतो. ब्रेकच्या नळीसाठी पुरत नाही. ५०० अंश सेल्सिअसला (७७३ केल्व्हिन) तापलेला पृष्ठभाग, उत्सर्जकता १ धरल्यास, दर चौरस मीटरला सुमारे २० किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. लांब नळीपासून दूर जाताना ही उष्णता 'त्रिज्या ÷ अक्षापासूनचे अंतर' या प्रमाणात घटते. नळीची त्रिज्या २० मिमी असेल तर ५ मिमी फटीवर ८० टक्के आणि २५ मिमी फटीवरही ४४ टक्के उष्णता पोहोचते.

डॉट-३ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २०५ अंश असतो. ओलावा शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळले की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे ब्रेकला जोर मिळत नाही. १९६५-६६ च्या मस्टँगमध्ये चारही चाकांसाठी एकच हायड्रॉलिक परिपथ आहे. एका ठिकाणी वाफ झाली तरी पेडल थेट खाली जाते. म्हणून ब्रेकची नळी हेडरजवळून जात असेल तर तिचा मार्ग बदला, आणि शिवाय मधे धातूची ढाल बसवा. समान उत्सर्जकतेच्या दोन समांतर पृष्ठांमध्ये एक पातळ ढाल घातली की प्रारित उष्णता निम्मी होते.

५. तपासणी आणि उपाय

क. आधी हेडर सैल बोल्टांवर बसवा. सर्व बोल्टांपर्यंत पाना आणि प्लगपर्यंत सॉकेट जातो का ते पाहा.
ख. अरुंद जागी मऊ चिकणमातीचे गोळे चिकटवा, पहारीने इंजिन दोन्ही बाजूंना कलवा आणि दबलेल्या मातीची जाडी मोजा.
ग. चाकांवर वजन असताना स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा.
घ. कलेक्टर जमिनीपासून किती उंच राहतो ते मोजा.
च. जागा कमी पडली तर आधी माउंटचे बोल्ट सैल करून इंजिन सरकवून पाहा.

शेवटचा उपाय म्हणजे नळीला चेपा देणे. ३८ मिमी आतील व्यासाच्या नळीचे क्षेत्रफळ १,१३४ चौ. मिमी असते. एका बाजूने ६ मिमी सपाट चेपल्यास वर्तुळखंडाचे सुमारे ११५ चौ. मिमी, म्हणजे १० टक्के क्षेत्रफळ जाते. एका नळीवर हे चालून जाते. पण १२ मिमी चेपल्यास किती टक्के जाईल ते स्वतः काढून पाहा. उत्तर दुप्पट येत नाही, त्याहून बरेच जास्त येते.

हीच पद्धत बाहा किंवा फॉर्म्युला स्टुडंटची गाडी बांधतानाही वापरा. कॅड मॉडेलमध्ये इंजिन स्थिर आणि थंड असते. प्रत्यक्षात ते हलते आणि तापते. मोकळी जागा ठरवताना दोन्ही स्थिती हिशेबात घ्या.