ग्रंथपालांची दुव्यांची वही
जोशुआ शॅक्टर यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘डिलिशस’ या संकेतस्थळाने ग्रंथपालांच्या हाती एक सोपे साधन दिले. उपयुक्त संकेतस्थळाचा दुवा तेथे साठवायचा आणि त्याला विषयदर्शक शब्द, म्हणजेच ‘टॅग’ जोडायचा. एकाच टॅगखालील दुव्यांतून त्या विषयाची मार्गदर्शिका तयार होई आणि नवा दुवा जोडताच ती अद्ययावतही होई. कॅलिफोर्नियातील सॅन माटेओ सार्वजनिक ग्रंथालयाने असे दुवे वाचकांना खुले केले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ‘पेनटॅग्ज’ ही स्वतःची व्यवस्था उभारली. ‘डिलिशस’ मात्र २००५ मध्ये याहूकडे गेले आणि २०१७ मध्ये ‘पिनबोर्ड’ने ते विकत घेतल्यावर तेथे नवे दुवे साठवणे थांबले. साधन परक्याचे असले तरी निवडीमागचे श्रम ग्रंथपालाचे असतात. म्हणूनच दुव्यांची एक प्रत ग्रंथालयानेच जपणे अगत्याचे ठरते.